सगळ्यांना वाचता येईल असा दस्तऐवज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिपत्रकं, अर्ज, अहवाल, माहितीपत्रकं, अभ्यासाचं साहित्य असे दस्तऐवज तपासून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. यातली बरीचशी दुरुस्ती करावीच लागली नसती. टाइप करणाऱ्याने तेव्हाच थोडी काळजी घेतली असती, तर मागाहून कोणाचे दोन दिवस गेले नसते आणि मधल्या काळात कोणी वाचक ताटकळला नसता. खालचे प्रश्न टाइप करणाऱ्यांनी, मांडणी करणाऱ्यांनी आणि मजकुरावर शेवटची सही करणाऱ्यांनी मला विचारलेले आहेत.

सुगम्य दस्तऐवज म्हणजे नेमका कसा?

जो कानाने ऐकून, बोटांनी चाचपून, खूप मोठा करून किंवा सावकाश, तुकड्यातुकड्याने वाचला तरी पूर्ण कळतो, तो दस्तऐवज सुगम्य. त्यात काही गळत नाही, क्रम बिघडत नाही आणि वाचकाला शेजारच्याला ‘जरा वाचून दाखवतोस का?’ असं विचारावं लागत नाही. मला हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वतःचा वैद्यकीय अहवाल किंवा पगाराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं म्हणजे खासगीपण गमावणं.

आमच्या वाचकांत अंध कोणी नाही. मग हे कशासाठी?

तुम्हाला ते कसं कळलं, हा माझा पहिला प्रश्न. ज्याला फाइल वाचता आली नाही, तो बहुधा तक्रार करत नाही, फाइल बंद करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एकाला. आणि यात फक्त अंध वाचक नाहीत. अल्पदृष्टी असलेली व्यक्ती अक्षरं चौपट मोठी करून वाचते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची दाट मजकुरात ओळ सुटते. हात थरथरणाऱ्याला माउस नीट धरता येत नाही, म्हणून तो सगळं कीबोर्डवर करतो. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी ही त्यांनी नंतर शिकलेली भाषा असते. मेंदूला मार लागल्यावर पुन्हा वाचायला शिकणारे असतात. मोतीबिंदू झालेले आजी-आजोबा तर स्वतःला अपंग म्हणतही नाहीत, पण राखाडी बारीक टाइप त्यांनाही दिसत नाही.

स्क्रीन रीडर फाइल कशी वाचतो?

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारं सॉफ्टवेअर. संगणकावर एनव्हीडीए आणि जॉज, फोनवर टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर जास्त वापरले जातात. एनव्हीडीए २००६ पासून मोफत मिळतो, त्यामुळे तुम्हीही तो आजच घालून पाहू शकता. पाहाच, असा माझा आग्रह आहे.

माझा एक सहकारी अंध आहे. तो फाइल उघडल्यावर पहिल्या शब्दापासून ऐकत बसत नाही. आपण पान चाळतो, तसा तो एच हे बटण दाबत हेडिंगवरून हेडिंगवर जातो. टी दाबला की पुढचा तक्ता, के दाबला की पुढची लिंक. चांगल्या फाइलमध्ये अर्ध्या मिनिटात त्याला कळतं की कुठे काय आहे. वाईट फाइलमध्ये तो एच दाबतो आणि उत्तर येतं: पुढे हेडिंग नाही. मग मात्र चौतीस पानं ओळीने ऐकण्याशिवाय इलाज नसतो.

आणखी एक गोष्ट: पानाच्या अगदी वर आणि खाली छापला जाणारा मजकूर, म्हणजे हेडर-फुटर, वर्डमध्ये सलग वाचताना आपोआप वाचला जात नाही. एका सूचनेत अर्जाची शेवटची तारीख अशीच हेडरमध्ये, लाल चौकटीत घातली होती. माझ्या त्याच सहकाऱ्याने सूचना दोनदा पूर्ण ऐकली. तारीख त्याच्या कानावर आलीच नाही आणि अर्ज राहिला. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की तारीख ठळक दिसावी म्हणून आपण विशेष काळजी घेतली आहे.

हेडिंग ठळक आणि मोठं केलं आहे. ते पुरेसं नाही का?

नाही. ठळक अक्षर फक्त डोळ्याला हेडिंग वाटतं, फाइलच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. वर्डमध्ये मजकूर निवडून ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल लावा. कंट्रोल, ऑल्ट आणि १ ही बटणं एकत्र दाबली की पहिल्या पातळीचं हेडिंग लागतं, २ दाबलं की दुसऱ्या. स्टाइलचं रूप आवडलं नाही तर स्टाइलच बदला, एकेका ओळीवर रंगरंगोटी करू नका. पातळ्या सोडू नका: एकनंतर थेट तीन आलं, तर ऐकणाऱ्याला मधलं काही सुटलं असं वाटतं.

यादीचंही तसंच. ओळीच्या सुरुवातीला हाताने टाइप केलेला डॅश म्हणजे यादी नव्हे. खरी यादी केली की वाचकाला आधीच कळतं की पुढे सात मुद्दे आहेत. जागा सोडण्यासाठी एंटर दाबत राहू नका. प्रत्येक एंटरला स्क्रीन रीडर ‘रिकामं, रिकामं, रिकामं’ म्हणत जातो. त्याऐवजी परिच्छेदाआधीचं अंतर वाढवा किंवा पेज ब्रेक घाला.

आमचा मजकूर पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसतो, पण स्क्रीन रीडर भलतंच बरळतो. असं का?

फॉन्ट जुना आहे. मराठी दस्तऐवजांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा संकेत देणारी जागतिक पद्धत. ती रुळण्याआधीच्या देवनागरी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द घ्या. फाइलच्या पोटात तिथे म, र, ठ काहीच नसतं. तिथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीचा वेष चढवतो. स्क्रीन रीडर वेष पाहत नाही, तो पोटातलं वाचतो. त्यामुळे अख्खं परिपत्रक त्याच्या तोंडून निरर्थक इंग्रजी आवाजांच्या माळेसारखं बाहेर पडतं. ब्रेलमध्येही तेच उमटतं. शोध चालत नाही, भाषांतर होत नाही आणि फोनवर तो फॉन्ट नसेल तर डोळस माणसालाही कचराच दिसतो.

खात्री करायची सोपी युक्ती अशी: दोन ओळी कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये किंवा फोनवरच्या निरोपात चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकं मिळतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून त्या त्या फॉन्टचंच रूपांतरक घ्यावं लागतं. त्यानंतर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालाच. तिथेच जास्त गडबड होते.

युनिकोड आहे, तरीही काही शब्द चुकीचे वाचले जातात.

यातल्या बऱ्याच चुका टाइप करण्याच्या सवयींतून येतात. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाइप केला, तर डोळ्याला फरक जेमतेम कळतो, पण यंत्राच्या लेखी शब्द तिथेच तुटतो आणि ‘दु’ आणि ‘ख’ वेगळे होतात. ‘प्रातःकाल’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ यांचंही तेच. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून ‘सू च ना’ असं अक्षराअक्षरात जागा सोडून लिहिलं, तर तीन सुटी अक्षरं ऐकू येतात. जागा हवीच असेल तर ती फॉन्टच्या सेटिंगमधून वाढवा. ‘ॲ’ हे अक्षर कोणी एका संकेताने टाइप करतं, तर कोणी अ वर चंद्र चढवून. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं सुटतं. दस्तऐवजभर एकच पद्धत ठेवा. ‘मा.’, ‘दि.’, ‘क्र.’ असे संक्षेप पहिल्यांदा येतील तेव्हा पूर्ण लिहिलेत, तर ऐकणाऱ्याचा अंदाज चुकत नाही.

शिवाय फाइलची भाषा मराठी अशी नोंदवा. ती इंग्रजी राहिली तर काही स्क्रीन रीडर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतात, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर शब्दच वगळले जातात. मजकूर निवडायचा, प्रूफिंगची भाषा मराठी करायची, एवढंच काम आहे.

सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ पाठवला तर?

स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात अक्षरं नसतात. स्क्रीन रीडर अशा फाइलवर गप्प राहतो किंवा पान रिकामं असल्याचं सांगतो. सही हवी म्हणून स्कॅन करावाच लागत असेल, तर ज्या मूळ फाइलवरून प्रिंट काढला तीही सोबत पाठवा. मूळ फाइल हरवली असेल तर ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती द्या. टेसरॅक्टसारख्या मोफत साधनाला मराठी येते. मात्र ओसीआरनंतर मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे: ध-घ आणि भ-म यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, आणि आकड्यातली एक चूक एखाद्याला महागात पडू शकते.

वर्डमधून पीडीएफ करताना ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ निवडू नका. त्या वाटेने गेलं की हेडिंग, तक्ते, चित्रांची वर्णनं सगळी गळून पडतात आणि उरतं ते नुसतं रूप. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि पर्यायांमध्ये दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग (‘हे हेडिंग’, ‘हा तक्ता’ असं सांगणाऱ्या, फाइलमधल्या न दिसणाऱ्या पाट्या) ठेवण्याची खूण आहे ना, ते पाहा. लिबरऑफिसमध्ये एक्स्पोर्ट करताना टॅग्ड पीडीएफ आणि पीडीएफ-यूए हे पर्याय दिसतात. पीडीएफ-यूए हा सुगम्य पीडीएफचा आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१२ पासूनचा.

पीडीएफ सोडून दुसरं काही देता आलं, तर माझी पसंती वर्ड किंवा ईपबला, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकाराला. पीडीएफचं पान जागच्या जागी गोठलेलं असतं. चारशे टक्के मोठं केलं की प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे सरकावं लागतं. ईपबमध्ये अक्षर मोठं झालं की ओळी आपोआप नव्याने जुळतात.

चित्राचं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, किती आणि कसं लिहायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे यंत्राचं काही चालत नाही. चित्र तिथे का ठेवलं आहे, हे स्वतःला विचारा. त्याचं उत्तर म्हणजेच वर्णन.

इनहेलर कसा वापरायचा, हे सांगणारं एक पत्रक माझ्याकडे आलं होतं. त्यात मजकूर जेमतेम चार ओळी, बाकी ‘चित्र १ पाहा’, ‘चित्र २ पाहा’. चित्र २ च्या वर्णनात लिहिलं होतं: ‘इनहेलर वापरणारी महिला’. खरं, पण निरुपयोगी. मी तिथे लिहिलं: ‘इनहेलर सरळ उभा धरला आहे, तोंडात घ्यायचा भाग खाली आहे. अंगठा तळाशी, तर्जनी वरच्या डबीवर. ओठ तोंडाच्या भागाभोवती घट्ट मिटलेले आहेत.’ आता ज्याला चित्र दिसत नाही, त्यालाही औषध घेता येतं. त्या महिलेच्या साडीचा रंग इथे कामाचा नाही, पण एखाद्या कापडप्रदर्शनाच्या पत्रकात तेवढंच कामाचं असेल.

‘या चित्रात दिसते की’ अशी सुरुवात नको, स्क्रीन रीडर ते चित्र असल्याचं आधीच सांगतो. आलेख असेल तर त्यातून निघणारी गोष्ट वर्णनात लिहा आणि आकडे जवळच तक्त्यात द्या. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ती ‘सजावटीची’ म्हणून नोंदवा, म्हणजे वाचकाचा वेळ वाचतो. आणि वर्ड आपोआप सुचवतो ते वर्णन तसंच ठेवू नका.

तक्ते टाळावेत का?

माहिती तक्त्याची असेल तर तक्ताच करा. मजकूर दोन बाजूंना दिसावा एवढ्यासाठी तक्ता वापरू नका. पहिली ओळ ‘हेडर रो’ म्हणून नोंदवा, म्हणजे प्रत्येक चौकटीबरोबर तिचं शीर्षक ऐकू येतं. नाहीतर कानावर नुसते आकडे पडत राहतात: बेचाळीस, सतरा, नऊ. कशाचे बेचाळीस? एकत्र केलेल्या चौकटींनी हा सगळा हिशेब बिघडतो. रिकामी चौकट ठेवण्यापेक्षा ‘लागू नाही’ लिहा, म्हणजे माहिती राहून गेली की नाहीच, हे कळतं.

कोणता फॉन्ट, किती मोठा, कोणत्या रंगात?

साधा, सुट्या वळणाचा युनिकोड फॉन्ट घ्या. बारा पॉइंटच्या खाली जाऊ नका. मोठ्या टाइपची आवृत्ती मागितली तर सोळा ते अठरा. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली असतात, त्यामुळे ओळींतलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्तच लागतं. दीडपट ठेवा. फार जाड अक्षरात जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात: ‘द्ध’ की ‘द्घ’, ते ओळखू येत नाही. तिरपं अक्षर देवनागरीला मानवत नाही. ओळी डावीकडे जुळवा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये कमीजास्त भगदाडं पडतात आणि अध्ययन अक्षमता असलेल्या वाचकाची नजर त्यातून घसरते. अशा वाचकांसाठी खास फॉन्ट शोधण्यापेक्षा हे अंतर सांभाळण्यात वेळ घाला.

रंगाबाबत वेबसाठीचे डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष दस्तऐवजांनाही लावता येतात. त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ ची आहे. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. मोजणारी साधनं मोफत आहेत. मांडणीत हमखास दिसणारा मध्यम राखाडी, रंगसंकेत ७७७७७७, पांढऱ्यावर ४.४८ भरतो. म्हणजे नापास. त्याहून गडद घ्या.

‘लाल रंगातली माहिती भरणे सक्तीचे’ असं लिहू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे वाचक पुष्कळ असतात. यात पुरुष जास्त, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. शेजारी ‘सक्तीचे’ हा शब्दच लिहा.

अर्जाचा नमुना कसा करायचा?

अधोरेखांची रांग म्हणजे रिकामी जागा, ही छापील कागदाची सवय. पडद्यावर ती रांग तशीच ऐकू येते आणि तिच्यात टाइप केलं की सगळी ओळ पुढे ढकलली जाते. भरता येणारी खरी रकाना-चौकट घाला, तिला ‘अर्जदाराचं नाव’ असं नाव द्या आणि मग माउस बाजूला ठेवून टॅब दाबत दाबत स्वतः अर्ज भरून पाहा. टॅब नावावरून थेट सहीवर उडी मारत असेल तर क्रम दुरुस्त करा.

लिंक कशी द्यावी?

‘येथे क्लिक करा’ नको. वाचक सगळ्या लिंकची यादी काढून ऐकतो, तेव्हा त्याला नऊ वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू येतं. ‘शिष्यवृत्तीचा अर्ज, वर्ड फाइल’ असं लिहा.

भाषा सोपी केली तर मजकुराचं वजन कमी होत नाही का?

‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही विहित मुदतीत करण्यात यावी.’ यात कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं? ‘तुमचा अर्ज अपुरा आहे. वयाचा दाखला पंधरा दिवसांत जमा करा.’ या दोन वाक्यांत काहीच कमी झालेलं नाही, उलट दाखला आणि मुदत ही दोन्ही नव्याने कळली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी याहून सोपी आवृत्ती लागते: एका वाक्यात एकच गोष्ट, अवघड शब्दाचा तिथेच अर्थ, सोबत चित्र. ती लिहून झाल्यावर अशा वाचकांबरोबर बसून तपासा. आपल्याला सोपं वाटणं ही कसोटी नव्हे.

ब्रेल अजून कोणी वाचतं का?

वाचतात, आणि मनापासून वाचतात. आवाजातून आशय कळतो, पण शुद्धलेखन, विरामचिन्हं, कवितेच्या ओळी बोटांनाच कळतात. लुई ब्रेलने आपली पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. सहा टिंबांच्या ६३ रचना. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. तिच्यात ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या नंतर येते, जशी उच्चारात येते तशी. आज ब्रेल डिस्प्ले या यंत्रावर टिंबं वरखाली होऊन फाइल थेट वाचता येते आणि लिबलुइससारखं मोफत सॉफ्टवेअर मराठी युनिकोड मजकुराचं ब्रेल करतं. म्हणजे तुम्ही ब्रेल शिकला नसलात तरी चालेल. फाइल युनिकोडमध्ये, हेडिंग-याद्यांसकट नीट द्या, पुढचं काम होतं.

गणिताची सूत्रं?

चित्र म्हणून चिकटवू नका. वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्ये लिहा. वेबवर किंवा ईपबमध्ये मॅथएमएल, म्हणजे सूत्रं चित्राऐवजी मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत, वापरा. चित्रातल्या अपूर्णांकाचा अंश कुठे संपतो, हे कोणताही स्क्रीन रीडर सांगू शकत नाही.

दुसऱ्याचं पुस्तक सुगम्य करून दिलं तर स्वामित्वहक्काचा भंग होतो का?

याच अडचणीसाठी माराकेश करार झाला. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत करण्याची आणि ती देशाबाहेर पाठवण्याची सूट कायद्यात ठेवावी, असं त्यात ठरलं. करार २०१३ चा, लागू झाला २०१६ मध्ये, आणि त्याला सर्वात आधी मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. ही सूट अशा वाचकांसाठी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. ती प्रत सरसकट सगळ्यांना वाटायला परवानगी नाही.

वर्डच्या तपासणीत एकही दोष निघाला नाही. काम झालं?

‘रिव्ह्यू’मधली सुगम्यता तपासणी जरूर करा, पीडीएफसाठी पॅक हे मोफत साधनही चांगलं आहे. पण चित्राला वर्णन आहे की नाही, एवढंच यंत्राला कळतं. ते ‘आयएमजी ००४७’ असं असलं तरी त्याच्या दृष्टीने ठीकच. म्हणून शेवटी पडदा बंद करून पाच मिनिटं ऐका. आणि शक्य असेल तिथे रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला तपासायला द्या, त्या कामाचे पैसे देऊन. हे कौशल्याचं काम आहे, उपकार म्हणून मागायचं नाही.

आमच्याकडे हजारो जुन्या फाइली आहेत. सुरुवात कुठून करू?

जुन्या ढिगापासून नको. आधी रिकामा नमुना सुधारा, ज्यावरून रोज नवी पत्रं निघतात: त्यात हेडिंगच्या स्टाइल, मराठी भाषा, युनिकोड फॉन्ट आणि अंतर एकदाच बसवा. उद्यापासूनची प्रत्येक फाइल निम्मी तरी आपोआप नीट निघेल. मग जिच्यावाचून माणसाचं अडतं, ते घ्या: अर्ज, मुदती, औषधं, परीक्षा, तक्रार कुठे करायची याची माहिती. उरलेल्या फाइलींच्या यादीवर एक ओळ लिहा: ‘यातली कोणतीही फाइल वाचता येत नसेल तर कळवा, आम्ही वाचता येईल अशी करून देऊ.’ सोबत ज्या माणसाकडे कळवायचं त्याचा फोन आणि ईमेल, आणि किती दिवसांत देणार तेही लिहा. पहिली मागणी आली की ती फाइल यादीत सगळ्यात वर घ्या.